दाभोळची राख

आम्ही साखऱ्याची माणसे; भरती-ओहोटी पुस्तकातूनच शिकवणारी. गोवळकोटहून ओहोटीबरोबर आमची लहानशी लाँच दाभोळकडे निघाली. वाशिष्ठीच्या चिखलात मगरी ऊन खात पडल्या होत्या, काठाने माड. माझे मन मात्र १५०८ सालात.

त्या वर्षी चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो पडला. मारणारे आरमार इजिप्तचे नि गुजरातचे, ते दिवला. सुडाला निघालेल्या बापाने वाटेतले हे भरभराटीचे आदिलशाही बंदर जाळले, बायकापोरेही सोडली नाहीत. १५०९ ची दिवची लढाई मी वर्गात सनासह पाठ करवून घेतो. दाभोळचे नाव एकदाही घेतले नव्हते!

लाँच धक्क्याला लागली. समोर विजापूरकरांच्या अमदानीतल्या मशिदीचा घुमट. एक कोळीण म्हणाली, “भाऊ, पाटीला जरा हात लावा.”