पाच शब्दांची ऑपरेटर

टेलिफोन ऑपरेटरची जागा यंत्राने कशी घेतली, हे सांगताना बहुतेक जण आल्मन स्ट्राउजरपासून सुरुवात करतात. हा कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा व्यवसाय करायचा. आपली गिऱ्हाइकं ऑपरेटर बाई दुसऱ्याच व्यावसायिकाला जोडून देते, असा त्याला संशय होता म्हणतात. त्या रागातून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज कल्पिलं. 10 मार्च 1891 रोजी त्याला पेटंट मिळालं आणि 3 नोव्हेंबर 1892 रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी त्याच्या तंत्राचं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. गोष्ट सांगायला रंगतदार आहे, पण ती अर्धीच आहे. स्ट्राउजरच्या यंत्राने ऑपरेटरच्या हातांचं काम घेतलं. तिच्या कानांचं, समजुतीचं आणि हिशेबाचं काम यंत्राकडे जायला आणखी शंभर वर्षं लागली. ते एकदम गेलं नाही, तुकड्यातुकड्याने गेलं. खरी कुळकथा तीच आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

पहिलं व्यापारी एक्स्चेंज 28 जानेवारी 1878 रोजी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनला उघडलं तेव्हा त्याचे ग्राहक होते अवघे एकवीस. सुरुवातीला या कामावर पोरगेलेसे मुलगे ठेवले जात. ते ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, आपसात दंगा करत. म्हणून त्याच वर्षी 1 सप्टेंबरला बॉस्टनमध्ये एमा नट या तरुणीला कामावर घेतलं गेलं. तिने तेहेतीस वर्षं ही नोकरी केली. तिच्यामागून आलेल्या लाखो बायकांनी हे काम एका कसबाच्या पातळीला नेलं. पुढे यंत्र घडवणाऱ्या इंजिनिअरांना त्याच कसबाचा एकेक पदर उलगडावा लागला.

लांब पल्ल्याच्या एका कॉलमध्ये ऑपरेटर काय काय करायची ते जवळून पाहू. समोरच्या स्विचबोर्डवर दिवा लागला की ती कॉर्डचा प्लग त्या जॅकमध्ये घालायची आणि नंबर विचारायची. मग पुढच्या गावच्या ऑपरेटरला गाठून लाइन मिळवायची. हे चालू असताना एका छापील तिकिटावर कुठून, कुठे, कोणाला, पैसे कोण देणार हे सगळं पेन्सिलीने लिहायची. पलीकडे माणूस बोलायला लागला की तिकीट कॅलक्युलाग्राफ नावाच्या घड्याळाखाली धरून दांडी ओढायची. बोलणं संपलं की पुन्हा एकदा. दोन ठशांमधून किती मिनिटं झाली ते तिकिटावरच उमटायचं. त्यात कॉलचे प्रकार निरनिराळे. अमुकच व्यक्ती फोनवर आली तरच पैसे, हा 'पर्सन' कॉल. पैसे पलीकडच्याने द्यायचे तो 'कलेक्ट' कॉल, आणि त्यासाठी आधी पलीकडच्याला विचारून त्याचा होकार घ्यायचा. पैसे तिसऱ्याच नंबरावर चढवायचे तो 'थर्ड नंबर' कॉल. आपल्याकडे ज्यांनी ट्रंक कॉल बुक करून ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे सांगितलं आहे आणि पीपी कॉल लावले आहेत, त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको.

या सगळ्यातलं सर्वांत आधी सुटलं ते तिकीट. 1948 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावच्या एक्स्चेंजमध्ये कागदी पट्टीवर भोकं पाडून कॉलचा हिशेब आपोआप नोंदवणारं यंत्र बसलं. ते नसतं तर ग्राहकाला थेट दूरच्या गावी डायल करू देणं परवडलंच नसतं, कारण बिल लावणार कशाच्या आधारावर? मग 10 नोव्हेंबर 1951 रोजी न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या महापौरांनी ऑपरेटरची मदत न घेता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या अलामेडाच्या महापौरांना फोन लावला. कॉल जोडायला अठरा सेकंद लागले. भारतात एसटीडीची पहिली सेवा 1960 मध्ये कानपूर आणि लखनौ या दोन शहरांत सुरू झाली.

साधे कॉल असे सुटले तरी अडचणीचे कॉल ऑपरेटरकडेच राहिले. सार्वजनिक फोनवरून नाणी टाकून केलेले, कलेक्ट, पर्सन, क्रेडिट कार्डावरचे. यातला प्रत्येक कॉल म्हणजे माणसाचा पगार. आणि इथे इंजिनिअरांनी जो मार्ग धरला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी अख्ख्या ऑपरेटरची नक्कल करणारं यंत्र बनवायचा प्रयत्न केला नाही. तिच्या कामाचे सेकंद मोजले आणि ज्या सेकंदांना माणूस लागत नाही तेवढे काढून घेतले. जानेवारी 1969 मध्ये न्यू जर्सीच्या मॉरिसटाउनला टीएसपीएस ही पद्धत सुरू झाली. तिच्यात कॉर्डचं बोर्ड गेलं आणि बटणांचं टेबल आलं. ग्राहकाने शून्य फिरवून पुढे हवा तो नंबर स्वतःच फिरवायचा. ऑपरेटरने मध्ये येऊन फक्त पैसे कसे द्यायचे ते विचारायचं, एक बटण दाबायचं आणि बाजूला व्हायचं. जोडणी, वेळ, बिल सगळं संगणकाकडे.

नंतर नाण्यांची पाळी आली. जुन्या सार्वजनिक फोनमध्ये निकेल (पाच सेंट) पडलं की एकदा घंटी, डाइम (दहा सेंट) पडलं की दोनदा, क्वार्टर (पंचवीस सेंट) पडलं की मोठ्या घंटेचा टोल असे आवाज यायचे, आणि ऑपरेटर कानाने पैसे मोजायची. पुढच्या फोनमध्ये घंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक 'बीप' आले: निकेलला एक, डाइमला दोन, क्वार्टरला पाच. बीप मोजायला माणूस कशाला हवा? नोव्हेंबर 1977 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सला हे काम यंत्राकडे गेलं. किती पैसे टाकायचे हेही यंत्रच सांगू लागलं. त्यासाठी आकडे आणि शब्दांचे तुकडे आधी माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असायचे आणि वेळेवर एकापुढे एक लावले जायचे. अर्थात यंत्राचा कान भोळाच होता. तसेच बीप खिशातल्या डबीतून वाजवून फुकट बोलणारी मंडळी लवकरच निघाली.

1980 च्या जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला कार्डावरचे कॉल यंत्राकडे गेले. ग्राहकाने शून्य आणि नंबर दाबला की फोनमध्ये 'बाँग' असा एक गोड घुमणारा ध्वनी यायचा. त्यानंतर त्याने आपला कार्ड नंबर दाबायचा, नाहीतर तसंच थांबून राहायचं. मग माणूस यायचा. अमेरिकेत त्या काळी राहिलेल्या कुणालाही तो ध्वनी आठवत असेल. तो कानाला घंटेसारखा लागला तरी त्याची बनावट विचारपूर्वक केलेली होती. त्याच्या अगदी सुरुवातीला, सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागाएवढा वेळ, बटणांवरच्या 'हॅश'चा सूर होता आणि त्यामागून विरत जाणारा डायल टोन. डायल टोन यासाठी, की ग्राहकाला तो ओळखीचा होता आणि 'आता नंबर दाबा' हे वेगळं शिकवावं लागत नव्हतं. हॅश यासाठी, की वाटेत काही जुन्या एक्स्चेंजांत बटणांच्या सुरांचं डायलच्या ठोक्यांत रूपांतर करणारी साधनं बसवलेली होती. ती मध्ये राहिली तर कार्ड नंबरचे सूर पुढे पोचलेच नसते. हॅशचा सूर ऐकला की ती बाजूला होत. एका सेकंदाच्या आवाजात एक इशारा माणसासाठी आणि एक यंत्रासाठी ठेवणाऱ्या त्या अनाम इंजिनिअरांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

एवढं झालं तरी बटणांनाही मर्यादा होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कितीतरी घरांत अजून गोल डायलचेच फोन होते. त्यांच्यावरून कॉल जुळल्यानंतर कसलाच सूर पाठवता यायचा नाही. अशा माणसाकडून काही जाणून घ्यायचं तर उपाय एकच: त्याचं बोलणं ओळखायचं.

एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत या कामाची पायवाट जुनी होती. 1952 मध्ये तिथे 'ऑड्री' नावाचं यंत्र बोललेले आकडे ओळखत असे, पण ज्याच्या आवाजाला ते जुळवून घेतलं असेल त्याचेच नीट. ऑपरेटरच्या जागी बसायचं तर कुणाचाही, कुठल्याही लाइनवरचा आवाज ओळखायला हवा. म्हणून शब्द मोजकेच ठेवले, पाच: 'कलेक्ट', 'कॉलिंग कार्ड', 'थर्ड नंबर', 'पर्सन' आणि 'ऑपरेटर'. यांपैकी एक म्हणा, असं यंत्र सांगणार आणि माणूस तेवढंच म्हणणार, अशी अपेक्षा.

प्रत्यक्ष चाचण्यांत माणसं तसं वागली नाहीत. पाचा-सहांतला एक जण म्हणायचा, 'हां, मला एक कलेक्ट कॉल लावायचाय, प्लीज.' सूचना कितीही सोपी केली तरी लोक यंत्राशी ऑपरेटरशी बोलावं तसंच बोलत. सवय सौजन्याची होती, ती कशी मोडणार? लोकांना सुधारण्याचा नाद इंजिनिअरांनी सोडला. जे विल्पन, लॉरेन्स रॅबिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलेला उपाय उलट्या अंगाने जातो. पाच शब्दांची सांख्यिकी प्रतिमानं तर त्यांनी केलीच, शिवाय त्या पाचांत नसलेल्या सगळ्या बोलण्याचं, उसाशांचं, मागच्या गोंगाटाचंही वेगळं प्रतिमान केलं. यंत्र आलेलं सगळं बोलणं या दोन्हींत वाटून लावायचं आणि कामाचा शब्द तेवढा उचलायचं. शब्द सुटा आला तर 99.3 टक्के वेळा आणि बोलण्यात गुंतलेला आला तर 95.1 टक्के वेळा तो बरोबर ओळखला जाई. जे कळत नाही ते कसं सोडून द्यायचं, हे यंत्राला शिकवणं हा या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोठा शोध वाटतो. गलबल्यातल्या एक्स्चेंजमध्ये बसलेली ऑपरेटर दिवसभर नेमकं हेच करत आली होती.

याच्या जोडीला आणखी एक अडचण सोडवावी लागली. सरावलेले लोक यंत्राची सूचना पूर्ण होण्याआधीच मध्ये बोलत. तेव्हा लाइनवरून परत येणारा स्वतःचाच आवाज वजा करून माणसाचा तेवढा ऐकणं यंत्राला शिकावं लागलं. कलेक्ट कॉलमधली होकाराची पायरीही आता यंत्राकडे गेली. फोन करणाऱ्याने नाव सांगायचं, यंत्राने ते तसंच पलीकडे ऐकवायचं आणि हो की नाही ते ऐकायचं. लोकांनी त्यातूनही वाट काढली. नावासाठी दिलेल्या दोन-तीन सेकंदांत भराभर निरोप सांगून टाकायचा आणि पलीकडच्याने पैसे द्यायला नकार द्यायचा. मिस्ड कॉलवर संसार चालवलेल्या आपल्या लोकांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

एटी अँड टीने 1992 मध्ये ही पद्धत देशभर वापरायला घेतली. ती वर्षाला अब्जाहून अधिक कॉल हाताळू लागली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं होतं की आपल्या अठरा हजार ऑपरेटरांपैकी तीन ते सहा हजारांच्या नोकऱ्या 1994 पर्यंत जातील आणि एकतीस कार्यालयं बंद होतील. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हा आकडा बहुधा तळटीपेत जातो. तो मुख्य मजकुरात असावा असं मला वाटतं, कारण पाच शब्दांच्या यशाची ती किंमत होती आणि ती शब्द शोधणाऱ्यांनी भरली नाही.

पाच शब्दांवर थांबणं पुढच्या संशोधकांना पटणारं नव्हतं. एटी अँड टीच्याच संशोधन विभागात अ‍ॅलन गोरिन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात प्रश्नच बदलला. यंत्राने पर्यायांची यादी सांगायची नाही. ऑपरेटर विचारते तसंच विचारायचं, 'मी आपली काय मदत करू?' आणि उत्तर कितीही लांबलचक, अडखळत आलं तरी त्यातून माणसाला काय हवंय ते ओळखायचं. हे शिकवायला त्यांनी ग्राहक आणि ऑपरेटर यांच्यातली दहा हजार खरी संभाषणं जमवली. म्हणजे यंत्राचा अभ्यास झाला तो कामावर बसलेल्या ऑपरेटरांनीच, आपल्या नेहमीच्या पाळीत, हेडसेट लावून घेतलेल्या कॉलांवर.