काझी मुघीस–अलाउद्दीन खिलजी संवाद

दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी (राज्यकाल १२९६–१३१६) आणि बयान्याचा काझी मुघीसुद्दीन यांच्यात शरीयत व राजसत्ता यांविषयी झालेली ही चर्चा जियाउद्दीन बरनीच्या ‘तारीख-ए-फिरोजशाही’ (१३५७) या फार्सी ग्रंथात आली आहे.

इ.स. १२९६ मध्ये कड्याचा सुभेदार असताना अलाउद्दीनाने देवगिरीवर अचानक स्वारी करून रामचंद्रदेव यादवाकडून अपार संपत्ती मिळविली. त्याच वर्षी चुलता व सासरा असलेल्या सुलतान जलालुद्दीनाची हत्या करवून त्याने गादी बळकावली. सरदार वश झाले ते याच सोन्यामुळे. ही संपत्ती आपली की बैतुलमालची, म्हणजे सार्वजनिक खजिन्याची, असे त्याने पुढे काझीस विचारले. ती लष्कराच्या बळावर मिळाली, म्हणून खजिन्याचीच, असे काझीने सांगितले. मूळ धनी असलेल्या यादवांचा विचार दोघांच्याही बोलण्यात नाही.

खजिन्यात सुलतानाचा वाटा किती, हा प्रश्न अधिक अवघड होता. पहिल्या चार खलिफांचा कित्ता गिरवायचा तर सामान्य सैनिकाइतका, म्हणजे २३४ टंक. मध्यम मार्ग धरल्यास बड्या सरदारांइतका. फार तर त्याहून किंचित अधिक, असे उत्तर आले. सुलतान संतापला. मात्र खराज देणाऱ्या हिंदूंविषयी काझीने दिलेला कठोर निर्णय त्याला मुळीच खटकला नाही, कारण खूत व मुकद्दमांना महसुलासाठी तो आधीच नमवीत होता. अखेर, आपली आज्ञा शास्त्रसंमत आहे की नाही हे आपण जाणत नाही. राज्याच्या हिताचे वाटते ते करतो, असे त्याने स्पष्ट केले. दुसऱ्या दिवशी काझी घरच्यांचा निरोप घेऊनच दरबारी गेला. तेथे त्याला पोशाख व १,००० टंक बक्षीस मिळाले.

बरनीने हे अनेक दशकांनंतर लिहिले, त्यामुळे संवादातील शब्द त्याचेच असणे संभवते. प्रेषितांच्या साध्या राहणीने बादशाही चालत नाही, त्यासाठी इराणी राजांची रीत लागते, असे त्याचे स्वतःचे मत ‘फतावा-ए-जहांदारी’त आढळते. शासकीय नियमांना तो ‘जवाबित’ म्हणतो.

कुराणातील अल-अनफाल या सूरेची ४१वी आयत युद्धातील लुटीचा एक पंचमांश अल्लाह, प्रेषित, आप्त, अनाथ, गरीब व वाटसरू यांच्यासाठी राखते. उरलेला भाग सैनिकांचा, असा अर्थ शास्त्रकारांनी लावला. दिल्लीत हे प्रमाण उलटे झाले होते: चार भाग खजिन्याला, एक सैन्याला. ते पूर्ववत केल्याचे फिरोजशाह तुघलकाने ‘फुतूहात-ए-फिरोजशाही’त नमूद केले आहे.