घाटावरचा देश

आमच्याकडे ‘देश’ म्हणजे घाटावरचा मुलूख. कांदा, गूळ, बैल देशावरून यायचे. आवशीच्या तोंडी हा शब्द शेवटपर्यंत त्याच अर्थाने होता. वडील मात्र तो दोन अर्थांनी बोलत. दुसरा अर्थ त्यांनी मुंबईहून आणलेला.

१९४६ साली ते मालवणहून बोटीत बसले. बोट बंदराला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही, तिच्यापर्यंत होडीतून जावं लागे. सोबत पेटी, वळकटी आणि उकड्या तांदळाची पिशवी. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत कापडगिरणीचा घाट घातला, आणि पुढे ह्याच वाटेने रत्नागिरी जिल्ह्यातली घरटी माणसं गेली. मालवण तेव्हा रत्नागिरीतच; सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ साली. त्यात कसलं धाडस नव्हतं. वीतभर जमीन, तीही कुळाने कसायची, आणि भात झोडून झालं की हात रिकामे.

लालबागच्या गाळ्यात वीस-पंचवीस जण, सगळे गाववाले. पाळ्या वेगळ्या म्हणून जागा पुरायची. एक उठला की दुसरा तिथेच आडवा. गावात आपल्याला विचारतात, “कोणाचो रे तू?” बापाचं नाव सांगितलं की झालं. मुंबईत विचारत, “खयचो?” आमच्या गावाचं नाव कोणाला ठाऊक नसायचं, म्हणून वडील ‘मालवण’ म्हणून मोकळे व्हायचे. खरं तर आम्ही मालवणपासून सहा कोस आत. तिथली मासळीसुद्धा आमच्याकडे शिळी होऊन पोचायची!

शेजारच्या साच्यावर साताऱ्याचा माणूस, पलीकडे तेलंगी पद्मशाली, शिवाय उत्तरेकडचे, ज्यांना सगळे सरसकट भैया म्हणत. सातारकर वडलांना ‘कोकण्या’ म्हणून चिडवी, वडील त्याला ‘घाटी’. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी दोघे एकाच मोर्च्यात गेले. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा वडील बरेच मागे होते. पळापळीत पडले, चपला गेल्या. त्या घाट्यानेच दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. महाराष्ट्र हा शब्द आमच्या घरात शाळेच्या पुस्तकातून आला नाही, तो असा अनवाणी आला. राज्य झालं १ मे १९६० ला.

त्याच ५५ साली, १५ ऑगस्टला, इकडे बांद्याकडून सत्याग्रही गोव्यात शिरले आणि पत्रादेवीला पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी पडले. आवशीचं कुलदैवत गोव्यात. “देवाक जावक परवानो कित्याक?” असं ती विचारायची. गोवा तिला कधी परदेश वाटलाच नाही. मुंबई वाटायची. मोर्च्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला, पण मनीऑर्डर येईपर्यंत उधारीवर घर चालवणाऱ्या, गुडघाभर चिखलात तरवा लावणाऱ्या बायका त्यात कुठे दिसत नाहीत. मी शेतकरी झालो तो तिच्यामुळे, वडलांमुळे नव्हे.

दहावी झाल्यावर मीही त्याच गाळ्यात गेलो, बदली कामगार म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर. आम्ही बाप-लेक गावी आलो ते परत गेलो नाही. वडलांची देणी गिरणीने शेवटपर्यंत पुरी दिली नाहीत. गावच्या रेशनकार्डावर त्यांचं नाव नव्हतं, ते मुंबईच्या कार्डावर. छत्तीस वर्षं मुंबईत मालवणी म्हणवून घेतलं, आणि इथे वाडीतली पोरं त्यांना ‘मुंबैवालो’ म्हणत. रागाने नव्हे, पण त्यांना ते लागायचं. एकदा एका पोराला म्हणाले, “माझ्या बापाशीचा नाव विचार मरे!”

आता माझ्या आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी आहे. मालवणात ट्रॉलरवरही तेच. आला त्या दिवशी विचारलं, कुठला तू? म्हणाला, “नेपाल.” म्हटलं, अरे, गाव कुठलं? तो हसला. “आप को मालूम नहीं होगा.” तरी सांग म्हटलं. त्याने सांगितलं. मला ते दोनदा विचारून घ्यावं लागलं. डोंगरात आहे, गाडीरस्त्यापासून पाच तास चढावं लागतं, आणि शेत त्याची आवस बघते.