लिलियन गिशचं नेमकं काय उरलं?

माझ्या पीएचडीचा विषय आहे सेल्युलोजपासून बनणाऱ्या पदार्थांचं विघटन. हे सांगितलं की समोरचा माणूस सहसा विषय बदलतो. पण याच विघटनाने एका थोर अभिनेत्रीच्या आयुष्यातलं बरंच काही गिळून टाकलंय. आज तिच्याबद्दल, आणि तिच्या निमित्ताने थोडं रसायनशास्त्र.

लिलियन गिशचा जन्म १४ ऑक्टोबर १८९३ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. वडील घर सोडून गेले आणि आईने पोटासाठी नाटकात कामं धरली. पाठोपाठ लिलियन आणि तिची धाकटी बहीण डोरोथी याही रंगमंचावर आल्या. लिलियन तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची होती. फिरत्या नाटक कंपनीबरोबर या गावाहून त्या गावाला जायचं, मिळेल तिथे झोपायचं, असं बालपण गेलं. १९१२ मध्ये मैत्रीण मेरी पिकफर्डमुळे दोघी बहिणींची दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथशी गाठ पडली. त्याच वर्षी 'ॲन अनसीन एनिमी' हा त्यांचा पहिला चित्रपट आला. लिलियनचा शेवटचा चित्रपट 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट' १९८७ चा. म्हणजे पडद्यावरची ७५ वर्षं!

मूकपट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते डोळे गरागरा फिरवणारे, छाती पिटणारे नट. लिलियनचं काम पाहिलं की हा समज गळून पडतो. १९१९ च्या 'ब्रोकन ब्लॉसम्स'मध्ये ती बापाचा मार खाणारी मुलगी आहे. बाप दरडावतो, हस जरा. तिला हसू येत नाही. मग ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. बस्स, एवढंच. ही बोटांची कल्पना तिची स्वतःची होती. पुढच्याच वर्षी 'वे डाउन ईस्ट'साठी ती व्हरमाँटच्या कडाक्याच्या थंडीत, नदीवरून वाहत जाणाऱ्या बर्फाच्या लादीवर पडून राहिली. हात आणि केस पाण्यात सोडायचे ही सूचनाही तिचीच. त्या हाताच्या बोटांचा त्रास तिला पुढे जन्मभर पुरला.

आता रसायनशास्त्राकडे येते. हे सगळं चित्रित झालं नायट्रेट फिल्मवर. कापसातलं सेल्युलोज घ्यायचं, त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची, लवचीकपणासाठी कापूर घालायचा. पारदर्शक, मजबूत आणि सुंदर पट्टी तयार होते. पण हिच्यात दोन खोडी आहेत. एक म्हणजे ती भडकन पेटते, आणि जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूंतच असल्याने पाण्याखालीसुद्धा जळत राहते. दुसरी खोडी जास्त कपटी आहे. नुसती ठेवून दिली तरी ती हळूहळू नायट्रोजनची ऑक्साइडं सोडते. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचं आम्ल होतं, ते आम्ल विघटनाचा वेग वाढवतं, आणि त्यातून आणखी आम्ल तयार होतं. थोडक्यात, पट्टी स्वतःच स्वतःला खाते. आधी चित्र फिकं पडतं, मग रीळ चिकट होतं आणि शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी.

त्यात माणसांची बेफिकिरी. बोलपट आल्यावर मूकपटांना किंमत उरली नाही. पट्टीतली चांदी काढून घेण्यासाठीही कितीतरी प्रती नष्ट केल्या गेल्या. १९३७ मध्ये न्यू जर्सीत फॉक्स कंपनीच्या साठ्याला आग लागली आणि असंख्य चित्रपट गेले. (पुण्यातही जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळं अशीच जळाली.) अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९१२ ते १९२९ मधल्या जवळपास ११,००० अमेरिकी मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत फक्त १४ टक्के.

या हिशेबात लिलियनचं काय झालं? १९२० मध्ये तिने 'रिमॉडेलिंग हर हजबंड' नावाचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. नायिका डोरोथी. स्त्री-दिग्दर्शक म्हणून ती कशी होती हे या एकाच चित्रपटावरून कळलं असतं. त्याची एकही प्रत सापडलेली नाही.

रंगभूमीचं तर विचारूच नका. बोलपटांच्या सुरुवातीला स्टुडिओंना तिच्यासारखी नायिका जुनाट वाटू लागली, तेव्हा ती सरळ नाटकाकडे परतली. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेकॉव्हच्या 'अंकल वान्या'त तिने काम केलं. १९३६ मध्ये जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ती ओफेलिया झाली, आणि त्या नाटकाचे ब्रॉडवेवर १३२ प्रयोग झाले. मराठीत आपण नाटकालाही प्रयोग म्हणतो आणि प्रयोगशाळेतल्या कामालाही. पण माझा प्रयोग दुसऱ्या कुणाला तसाच करता यायला हवा, नाहीतर तो फुकट. तिचा प्रयोग मात्र पडदा पडला की संपला. उरले ते फोटो आणि परीक्षणं.

आणि टिकलं काय? तर १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' ठणठणीत टिकला. तो प्रचंड चालला, त्याच्या भरपूर प्रती निघाल्या, तो पुन्हा पुन्हा प्रदर्शित झाला. ज्याच्या प्रती जास्त, त्याची वाचण्याची शक्यता जास्त. गुणांचा इथे संबंध नाही. या चित्रपटात कृष्णवर्णीयांना (बऱ्याच ठिकाणी तोंडं रंगवलेल्या गोऱ्या नटांकरवी) हिंस्र दाखवलंय आणि कू क्लक्स क्लॅनला तारणहार. लिलियनने यात जिला क्लॅन 'वाचवते' ती नायिका केली आहे. कृष्णवर्णीय संघटनांनी तेव्हाच जोरदार निषेध केला होता. त्याच वर्षी क्लॅन नव्याने उभी राहिली, आणि सभासद गोळा करायला हाच चित्रपट वापरला गेला.

१९७६ मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाने आपल्या चित्रपटगृहाला गिश भगिनींचं नाव दिलं होतं. २०१९ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर ते काढलं गेलं. मार्टिन स्कॉर्सेसी, हेलन मिरेन, जेम्स अर्ल जोन्स अशा पन्नासहून अधिक जणांनी विरोधाचं पत्र लिहिलं. एका चित्रपटावरून अख्खं आयुष्य मोजू नका, हा त्यांचा मुद्दा.

मला दोन्ही बाजूंचं पटतं. ज्या विद्यार्थ्याच्या पणजोबांच्या पिढीने क्लॅनची दहशत सोसली, त्याने त्या नावाच्या दारातून रोज का जावं? लिलियन ग्रिफिथची बाजू शेवटपर्यंत घेत राहिली, हेही विसरता येत नाही. पण आपल्यासमोर असलेला नमुनाच एकांगी आहे, हेही तितकंच खरं. विज्ञानात आपण याला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतो. शिल्लक राहिलेल्या वस्तूंवरून हरवलेल्यांबद्दल निष्कर्ष काढायचा मोह.

म्हणून तिच्याबद्दल मत बनवण्याआधी आणखी दोन चित्रपट जरूर पाहा. पहिला १९२८ चा 'द विंड'. कादंबरी तिने निवडली, दिग्दर्शक व्हिक्टर स्योस्त्रोमही तिच्याच पसंतीचा. मोहावी वाळवंटातल्या भाजणाऱ्या उन्हात, विमानांच्या पंख्यांनी उडवलेली वाळू तोंडावर झेलत तिने काम केलंय. दुसरा १९५५ चा 'द नाइट ऑफ द हंटर'. त्यात साठीची लिलियन मांडीवर बंदूक घेऊन, अनाथ पोरांची राखण करत रात्रभर खुर्चीत बसून राहते.

उतारवयात तिने जुने चित्रपट जतन व्हावेत म्हणून आवर्जून आवाज उठवला. २७ फेब्रुवारी १९९३ ला, शंभरीला काही महिने उरले असताना, ती गेली. तिने वाचवायला सांगितलेल्या रिळांमध्ये तिचं उत्तम कामही होतं आणि तिच्यावर ठपका ठेवणारा पुरावाही. दोन्ही सारख्याच थंड, कोरड्या खोलीत ठेवावं लागतं. आम्लाला त्यातला फरक कळत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो, आणि त्यासाठी आधी दोन्ही शिल्लक असावं लागतं.