शाळेतली शिक्षा आणि घरी कळवण्याचा हक्क

इंग्लंडच्या कायद्यात शिक्षकाचा शिक्षा करण्याचा अधिकार मुळात वडिलांकडून आलेला मानला जाई. विल्यम ब्लॅकस्टोन यांच्या १७६५ पासून प्रसिद्ध झालेल्या भाष्यग्रंथानुसार वडील आपल्या अधिकाराचा काही भाग शिक्षकाकडे सोपवू शकत आणि तेवढ्यापुरता शिक्षक वडिलांच्या जागी असे. एकदा मूल शाळेच्या हवाली केले की प्रत्येक शिक्षेच्या वेळी घरी कळवण्याचे कारण उरत नसे.

या समजुतीतला धोका १८६० मध्ये उघड झाला. ईस्टबोर्न येथे खासगी शाळा चालवणाऱ्या टॉमस हॉप्ली यांनी एका पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याला कडक मार देण्याची परवानगी त्याच्या वडिलांकडे पत्राने मागितली. वडिलांनी ती दिली. त्यानंतरच्या मारहाणीत मुलगा दगावला. शिक्षा माफक आणि वाजवीच असली पाहिजे, असे मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी बजावले आणि हॉप्लीला सदोष मनुष्यवधाबद्दल चार वर्षांची सक्तमजुरी झाली. घरी कळवले गेले होते, पण ज्याच्या पाठीवर वळ उठणार होते त्याला त्या पत्रव्यवहारात जागा नव्हती.

निवासी शाळांत मुलाचे स्वतःचे पत्र हाच घराशी दुवा होता, आणि त्यावरही पहारा असे. रोआल्ड डाल १९२५ मध्ये वेस्टन-सुपर-मेअर येथील सेंट पीटर्स शाळेत दाखल झाले. रविवारी मुले पत्रे लिहीत असताना मुख्याध्यापक बाकांमधून फिरत आणि मजकुरावर नजर टाकत. त्यामुळे शाळेविषयीची तक्रार कागदावर उतरतच नसे, असे त्यांनी ‘बॉय’ या १९८४ च्या आठवणींत सांगितले आहे. १९८९ च्या बालक कायद्याने खासगी निवासी शाळांतील मुलांच्या हितावर देखरेख आणली. पुढे निवासी शाळांसाठी ठरलेल्या राष्ट्रीय किमान निकषांत मुलांना घरच्यांशी खासगीत संपर्क साधता आला पाहिजे, अशी अट आली.

सरकारी शाळांतला बदल स्कॉटलंडमधल्या दोन मातांच्या लढ्यातून पुढे सरकला. सप्टेंबर १९७६ मध्ये काउडनबीथच्या बीथ हायस्कूलमधला एक विद्यार्थी घरी जाताना मनाई असलेल्या कब्रस्तानातल्या आडवाटेने गेला. त्यासाठी त्याला चामड्याच्या पट्ट्याचा मार ठरला. वडिलांच्या सल्ल्याने त्याने मार घ्यायला नकार दिला आणि शाळेने त्याला निलंबित केले. त्याचे शालेय शिक्षण तिथेच संपले. कॅम्पबेल आणि कोझन्स या दोन मातांच्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २५ फेब्रुवारी १९८२ रोजी ब्रिटनविरुद्ध निकाल दिला: शारीरिक शिक्षेबाबत पालकांच्या ठाम मतांचा मान राखला गेला नव्हता.

त्यानंतरच्या १९८६ च्या शिक्षण कायद्याने दोन गोष्टी केल्या. १५ ऑगस्ट १९८७ पासून सरकारी शाळांतली छडी बंद झाली. शिवाय इंग्लंड आणि वेल्समध्ये अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याला शाळेतून काढताना मुख्याध्यापकाने विनाविलंब पालकांना मुदत आणि कारणे कळवावीत, आणि पालकांना आपली बाजू मांडता येते हेही सांगावे, असे बंधन आले. शिष्टाचार म्हणून होणारी गोष्ट आता कर्तव्य ठरली.

ही वाट मात्र सरळ पुढेच गेली नाही. १९९७ च्या कायद्याने शाळा सुटल्यावर विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीशिवाय थांबवून ठेवण्याची मुभा दिली, पण त्यासाठी २४ तास आधी लेखी सूचना आवश्यक होती. २०११ च्या कायद्याने इंग्लंडमधून ती सूचनाही काढून टाकली. शाळेतून काढल्याची सूचना पालकांवर भारही टाकते: २००६ च्या कायद्यानुसार पहिले पाच दिवस मूल शाळेच्या वेळेत सार्वजनिक जागी विनाकारण दिसल्यास पालकांना दंड होऊ शकतो.

पोलीस शाळेत आले की प्रश्न अधिक गंभीर होतो. १९६४ च्या पोलीस निर्देशांनुसार शाळेत मुलाची चौकशी शक्यतो टाळायची होती. करावीच लागली तर मुख्याध्यापकाच्या संमतीने आणि उपस्थितीत. १९८४ च्या पोलीस कायद्याखालील संहितेने पालकांना कळवण्याचा पुरेपूर प्रयत्न करणे बंधनकारक केले. तरीही डिसेंबर २०२० मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या शाळेत गांजाच्या संशयावरून पंधरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीची पोलिसांनी कपडे उतरवून झडती घेतली. तिच्या आईला कळवले नव्हते, आणि मुलीजवळ काहीही सापडले नाही. मार्च २०२२ मध्ये या घटनेचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर देशभर संताप उसळला. अशा झडतीपूर्वी शक्य तेथे, आणि झडतीनंतर नेहमीच, पालकांना कळवावे, असे त्याच वर्षीच्या शासकीय मार्गदर्शनात स्पष्ट झाले.

या सर्व नियमांत हक्क प्रामुख्याने पालकांचा आहे. इंग्लंडमध्ये अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढण्याच्या निर्णयाविरुद्ध दाद पालकच मागतात. वेल्समध्ये २००३ च्या नियमांनी अकरा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या विद्यार्थ्यालाही पालकांबरोबर ती संधी दिली. शिक्षा भोगणाऱ्या मुलाला स्वतःचा आवाज देण्यात वेल्स इंग्लंडच्या पुढे आहे, आणि इंग्लंडमधल्या मुलांनाही तोच न्याय मिळायला हवा.