पाचवा माणूस : रोहिणीचा तट आणि डांगरेकचा कडा

रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय शस्त्रे घेऊन समोरासमोर आले, ही कथा पालि अट्ठकथांत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच कलह सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या मुळाशी मानला. तेथे सिद्धार्थ संघापुढे सुचवितो की दोघे शाक्यांनी निवडावेत, दोघे कोलियांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी मिळून तंटा मिटवावा. संघाने ती सूचना बहुमताने फेटाळली. हा पाचवा माणूस उभयतांच्या संमतीतून येतो, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

थायलंड व कंबोडिया या दोन थेरवादी देशांच्या सीमावादात नेमकी हीच संमती दुर्मिळ ठरली. डांगरेक पर्वताच्या कड्यावरील प्रेह विहिअर हे मूळचे शिवमंदिर. नावात मात्र आपला 'विहार' शब्द आहे! १९०४ च्या करारानुसार सीमा पाणलोटरेषेने जावयाची होती. १९०७ च्या फ्रेंच नकाशाने मंदिर कंबोडियाकडे दाखविले आणि सयामने हरकत घेतली नाही. १९३० साली राजपुत्र दामरोंग तेथे गेले, तेव्हा फ्रेंच निशाणाखाली फ्रेंच अधिकाऱ्याने त्यांचे स्वागत केले. तेव्हाही निषेध झाला नाही. १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने या मौनालाच संमती मानले व नऊ विरुद्ध तीन मतांनी मंदिर कंबोडियाला दिले. आमच्या मते निर्णय सयुक्तिक होता. परंतु थायलंडने न्यायालयाच्या अधिकारालाच आधी हरकत घेतली होती, आणि हरलेल्या पक्षाच्या मनातील सल कायम राहिला.

२००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेले आणि तो सल उफाळला. फेब्रुवारी २०११ मध्ये तोफा धडाडल्या. सुरक्षा परिषदेने प्रश्न आसियानकडे सोपविला. उभय देशांनी इंडोनेशियाचे निरीक्षक मान्य केले. परंतु अटींवरून घोळ होऊन ते सीमेवर प्रत्यक्ष उभे राहिलेच नाहीत. २०१३ मध्ये न्यायालयाने जुन्या निकालाचा अर्थ एकमताने स्पष्ट केला, तोही मंदिराच्या कड्यापुरताच.

उरलेली सीमा तशीच धुमसत राहिली. जुलै २०२५ मध्ये पाच दिवस लढाई होऊन सुमारे तीन लाख लोक घरे सोडून पळाले. कंबोडियाने पुन्हा न्यायालयाचा मार्ग सुचविला, तर थायलंडने द्विपक्षीय बोलणीच मान्य असल्याचे सांगितले. मलेशियाच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली. डिसेंबरात ती मोडली.