ई-मेलमधील तुटलेले दुवे

ई-मेलच्या मजकुरात आलेला, परंतु टिचकी मारल्यावर न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) अपेक्षित पान न उघडणारा किंवा भलत्याच पानावर नेणारा संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे तुटलेला दुवा होय. दुव्यात दोष तीन ठिकाणी उद्भवू शकतो: पत्र पाठवताना व वाहून नेताना पत्त्याच्या मजकुरात, पत्र वाचणाऱ्याच्या संगणकावर वा भ्रमणध्वनीवर, आणि ज्या सर्व्हरवर ते पान आहे तेथे. दोष नेमका कोठे आहे हे ओळखल्यावाचून केलेले उपाय बहुधा वाया जातात. परीक्षेचा अर्ज, खात्याची पडताळणी, परवलीचा शब्द बदलणे अशी मुदतीची कामे ई-मेलमधील एका दुव्यावर अवलंबून असतात, त्यामुळे हा विषय वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. देवनागरी लिपीतील पत्त्यांच्या बाबतीत तर काही अडचणी खास या लिपीच्या आहेत.

ओळींची मर्यादा आणि दुव्याचे तुकडे

ई-मेलची तांत्रिक घडण जालावरील पत्त्यांपेक्षा जुनी आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२१ या प्रमाणकाने संदेशातील एका ओळीची लांबी, ओळ संपल्याच्या चिन्हांसह, १००० वर्णांपर्यंत मर्यादित केली होती. पुढे आरएफसी २८२२ (२००१) व आरएफसी ५३२२ (२००८) यांनी ओळ ९९८ वर्णांहून मोठी असू नये आणि शक्यतो ७८ वर्णांच्या आत असावी, असे ठरवून दिले. त्या काळच्या पडद्यावर एका ओळीत ८० वर्ण मावत असत, हे या आकड्यामागचे कारण. साध्या मजकुराचे पत्र पाठवणारे अनेक कार्यक्रम म्हणून लांब ओळ स्वतःहून तोडत. गद्य वाक्य तुटले तरी वाचता येते. पत्ता तुटला की त्याचा पहिला तुकडाच दुवा बनतो आणि उरलेला भाग खालच्या ओळीत निर्जीव मजकूर म्हणून पडून राहतो.

अशा दुव्याची खूण स्पष्ट असते. निळा, अधोरेखित भाग ओळीच्या शेवटी संपतो आणि पुढच्या ओळीच्या आरंभी अर्थहीन भासणारी अक्षरे दिसतात. दोन्ही तुकडे साध्या मजकुराच्या संपादकात आणून, मधली मोकळी जागा व ओळीचा खंड काढून, अखंड पत्ता न्याहाळकाच्या पत्तापट्टीत डकवला की पान उघडते. तुकडा जोडचिन्हापाशी पडला असेल तर मात्र जपून जोडावे: ते जोडचिन्ह मूळ पत्त्यातले असू शकते किंवा ओळ मोडताना घातलेलेही असू शकते. दोन्ही प्रकारे उघडून पाहण्यावाचून येथे गत्यंतर नसते.

पत्ता त्रिकोणी कंसांत लिहावा, म्हणजे तो कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे वाचणाऱ्या कार्यक्रमाला कळेल, अशी शिफारस डिसेंबर १९९४ च्या आरएफसी १७३८ मध्येच होती. २००५ च्या आरएफसी ३९८६ मध्ये ती पुन्हा आली. ती पाळणारे लेखक थोडे.

‘कोटेड-प्रिंटेबल’ या संकेतनपद्धतीतून दुसरा एक दोष उद्भवतो. या पद्धतीत ओळ ७६ वर्णांपर्यंतच असते; मोठी ओळ मोडताना शेवटी बरोबरीचे चिन्ह टाकतात आणि मजकुरातले खरे बरोबरीचे चिन्ह ‘=३डी’ असे लिहितात. पत्र वाचणाऱ्या कार्यक्रमाने हे उलगडायचे असते. एखादे पत्र मध्येच कोणी मूळ स्वरूपातून उतरवून घेतले, किंवा वाटेतील प्रणालीने संकेतन-शीर्ष गमावले, की दुव्यात प्रत्येक बरोबरीमागे ‘३डी’ ही जोडी चिकटलेली आढळते. ती काढली की दुवा पूर्ववत होतो.

विरामचिन्हांचा घोळ

साध्या मजकुरातला पत्ता ओळखून त्याचा दुवा बनवण्याचे काम वाचकाकडील कार्यक्रम अंदाजाने करतो. वाक्याच्या शेवटी पत्ता आला तर पूर्णविराम हा पत्त्याचा भाग की वाक्याचा, हे त्याला ठरवावे लागते. काही कार्यक्रम पूर्णविरामही दुव्यात ओढून घेतात आणि सर्व्हर ‘पान सापडले नाही’ असे उत्तर देतो. कंसांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. विकिपीडियावर एकाच नावाचे अनेक लेख वेगळे दाखवण्यासाठी शीर्षकात कंस असतो. असा पत्ता पत्रात लिहिला की शेवटचा कंस वाक्याचा समजून वगळला जातो व वाचक अस्तित्वात नसलेल्या लेखाच्या कोऱ्या पानावर पोहोचतो. आपला लेख कोणी काढून टाकला, अशी समजूत करून घेण्याआधी पत्तापट्टीत शेवटचा कंस आहे का, हे पाहावे.

देवनागरी पत्ते

जालावरील पत्त्याच्या मूळ प्रमाणकात रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे एवढ्यांनाच स्थान आहे. देवनागरी अक्षर पत्त्यात यायचे असेल तर आधी त्याचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर होते आणि मग प्रत्येक बाइट ‘%’ चिन्ह व दोन षोडशमान अंक अशा तीन वर्णांनी लिहिला जातो. युनिकोडमधील देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट व्यापतो. म्हणजे पत्त्यात तो नऊ वर्ण घेतो. काना, वेलांटी आणि हलन्त यांचीही स्वतंत्र गणना होते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द डोळ्यांना लहान दिसतो, पण युनिकोडच्या हिशेबाने त्यात म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे १० वर्ण आहेत. त्यांचे ३० बाइट आणि पत्त्यातले ९० वर्ण होतात. मराठी विकिपीडियाच्या पत्त्याचा आरंभीचा भाग ३० वर्णांचा आहे. म्हणजे केवळ एका शब्दाच्या शीर्षकाचा पत्ता १२० वर्णांचा होतो आणि ७८ वर्णांची शिफारस केलेली मर्यादा सहज ओलांडतो. इंग्रजीतील त्याच लेखाचा पत्ता त्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपासच राहतो. मराठी दुवे पत्रांत अधिक तुटतात यामागचे हे साधे अंकगणित आहे.

आजचे न्याहाळक पत्तापट्टीत देवनागरी अक्षरेच दाखवतात. पण संपूर्ण पत्ता उचलून पत्रात डकवला की बहुधा ‘%’ चिन्हांची ती लांब माळ उतरते. ती कुरूप दिसते म्हणून काही जण पत्ता देवनागरीतच टाइप करून पाठवतात. त्यात वेगळा धोका आहे. युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त यांचा वर्ग ‘अक्षर’ नसून ‘चिन्ह’ असा आहे. दुवा ओळखणारा कार्यक्रम केवळ अक्षरे व अंक स्वीकारण्यासाठी लिहिलेला असेल, तर पहिल्या स्वरचिन्हापाशी तो थांबतो: ‘महाराष्ट्र’चा दुवा ‘मह’ एवढाच बनतो. मराठीत काना-मात्रेला अक्षरापासून वेगळे काढून वाचण्याची कल्पनाच कोणी करीत नाही, पण अशा कार्यक्रमांच्या लेखकांसमोर ही लिपी बहुधा नव्हतीच.

सर्वांत फसवा दोष ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांत दडलेला असतो. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील अर्धा र (चंद्रकोरीसारखा दिसणारा) संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ व हलन्त यांनी, किंवा साधा ‘र’, हलन्त व ‘शून्य-रुंदी जोडक’ या अदृश्य वर्णाने. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी उमटतात. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणात मात्र ती एकरूप होत नाहीत, म्हणून सर्व्हरच्या दृष्टीने ते दोन निरनिराळे पत्ते ठरतात. दुसऱ्या प्रकारातील अदृश्य जोडक वाटेत एखाद्या कार्यक्रमाने गाळला, तर अर्ध्या र चा रफार होतो आणि पत्ता आणखी तिसराच बनतो. शीर्षक अचूक दिसत असूनही पान सापडत नसेल आणि त्यात हे जोडाक्षर असेल, तर शब्द दुसऱ्या पद्धतीने टाइप करून पाहावा. विकिप्रकल्पांत अशा शीर्षकांसाठी पुनर्निर्देशने करून ठेवणे म्हणूनच उपकारक ठरते.

युनिकोडपूर्व टंकांत (फाँटमध्ये) लिहिलेल्या मजकुरातील दुव्यांची गत आणखी वाईट. त्या टंकांत मूळ वर्ण रोमनच असून त्यांचे दिसणारे रूप तेवढे देवनागरी असते. त्यामुळे मजकुराच्या मधोमध लिहिलेला पत्ता देवनागरी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला की पत्तासुद्धा खरोखरीच देवनागरी होऊन कायमचा निकामी होतो. परिवर्तन करण्यापूर्वी दुवे बाजूला काढून ठेवणे हाच त्यावर उपाय.

एकच पत्ता दोनदा संकेतित झाला तर ‘%’ चिन्हाचेही संकेतन होऊन प्रत्येक ठिकाणी ‘%२५’ दिसू लागते. तेथील ‘२५’ काढल्यास मूळ पत्ता परत मिळतो.

वाचकाच्या यंत्रावरील कारणे

पत्ता अखंड असूनही टिचकी मारल्यावर काहीच घडत नसेल, तर दोष पत्रात नसून यंत्राच्या मांडणीत असतो. पत्रवाचक कार्यक्रम स्वतः पान उघडत नाही. तो कार्यप्रणालीकडे पत्ता सोपवतो आणि कार्यप्रणाली पूर्वनिश्चित न्याहाळकाला बोलावते. तो न्याहाळक काढून टाकलेला असेल किंवा त्याची नोंद बिघडली असेल, तर हा निरोप कोणाकडेच पोहोचत नाही. विंडोजवर आउटलुक वापरणाऱ्यांना अशा वेळी ‘या संगणकावर लागू असलेल्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द झाली’ अशा अर्थाचा संदेश दिसतो. कोणी निर्बंध घातले, याचा शोध घेत बसण्याची गरज नसते. सेटिंग्जमध्ये जाऊन पूर्वनिश्चित न्याहाळक पुन्हा निवडल्यास बहुतेकदा काम भागते.

भ्रमणध्वनीवर दुवा अनेकदा पत्राच्या ॲपमधीलच अंतर्गत खिडकीत उघडतो. तेथे नेहमीच्या न्याहाळकातील प्रवेश-नोंद उपलब्ध असेलच असे नाही, म्हणून आधीच लॉग-इन केलेल्या वाचकाकडेही पुन्हा परवलीचा शब्द मागितला जातो. पर्यायसूचीतून पान मूळ न्याहाळकात उघडावे. संगणकावरही असेच होऊ शकते: काही संकेतस्थळे आपली कुकी बाहेरच्या स्थळावरून आलेल्या टिचकीसोबत पाठवू नये, असे न्याहाळकाला बजावतात. ही सुरक्षेची तरतूद असून बिघाड नव्हे. पत्ता नव्या टॅबमध्ये डकवला की प्रवेश कायम असल्याचे दिसते.

एकदाच चालणारे दुवे

पडताळणीचा किंवा परवलीचा शब्द बदलण्याचा दुवा सहसा ठरावीक वेळेपुरता व एकाच वापरापुरता असतो. पत्र येताच टिचकी मारूनही ‘हा दुवा आधीच वापरला गेला आहे’ असे उत्तर मिळाल्यास वाचकाला आपले खाते कोणी बळकावले, अशी धास्ती वाटते. अनेकदा कारण निराळे असते. कार्यालयांच्या व संस्थांच्या ई-मेल सेवेतील सुरक्षा-प्रणाली पत्र पोचते करण्यापूर्वी त्यातील दुवे स्वतः उघडून तपासते आणि त्या तपासणीतच दुवा ‘वापरला’ जातो.

येथे चूक मुख्यतः संकेतस्थळ बांधणाऱ्यांची आहे. एचटीटीपीच्या प्रमाणकानुसार ‘गेट’ प्रकारच्या विनंतीने, म्हणजे केवळ पान मागण्याने, सर्व्हरवर काही बदल घडू नये अशी अपेक्षा असते. दुवा उघडल्यावर एक बटण दाबायला लावणारी स्थळे या अडचणीतून सुटतात. पत्रसूचीतून नाव काढण्याच्या दुव्यांबाबत हाच अनुभव आल्यामुळे २०१७ च्या आरएफसी ८०५८ ने त्या कामासाठी ‘पोस्ट’ प्रकारची विनंती ठरवून दिली. वाचकाच्या हाती एवढेच असते की दुवा पुन्हा मागवावा, सर्वांत शेवटी आलेलाच वापरावा (नवा दुवा निघाला की जुने सहसा रद्द होतात) आणि शक्य तर खाजगी ई-मेल पत्ता द्यावा.

दुवा उघडण्याचा अट्टहास कधी करू नये

न उघडणारा दुवा दुरुस्त करण्याच्या भरात, तो उघडावा की नाही हा प्रश्न मागे पडतो. न्याहाळकाने किंवा पत्रसेवेने धोक्याचा इशारा देऊन पान अडवले असेल, तर ती दुरुस्त करण्याची अडचण नव्हे. संगणकावर दुव्यावर माउसचा बाण नेऊन, आणि भ्रमणध्वनीवर बोट दाबून धरून, खरा पत्ता पाहता येतो; दिसणारा मजकूर व प्रत्यक्ष पत्ता यांचा मेळ असावाच लागतो असे नाही, आणि फसवणूक करणारे याचाच फायदा घेतात. मात्र सुरक्षा-प्रणालीने पत्ता आपल्या स्थळावरून वळवलेला असेल तर प्रामाणिक दुवाही परका दिसतो, याचे भान ठेवावे. बँक, वीजबिल, निवृत्तिवेतन अशा विषयांच्या पत्रांत दुवा जोडत बसण्यापेक्षा त्या संस्थेचा पत्ता स्वतः टाइप करून जाणे श्रेयस्कर. पैसे गेलेच, तर भारतात १९३० या सायबर-गुन्हे मदत क्रमांकावर तत्काळ कळवता येते.

पाठवणाऱ्याने घ्यावयाची काळजी

लांब पत्ते तुटतात या अडचणीतूनच लघुदुव्यांच्या सेवा लोकप्रिय झाल्या. टायनीयूआरएल ही त्यांतील आरंभीची सेवा २००२ मध्ये सुरू झाली. त्यांची उणीव अशी की, मूळ पत्ता झाकला जातो आणि सेवा बंद पडली की सर्व दुवे एकदम मरतात. गूगलने आपल्या लघुदुवा सेवेत नवे दुवे करणे २०१९ मध्ये थांबवले. विकिमिडिया प्रकल्पांची स्वतःची लघुदुवा सेवा त्याच वर्षी सुरू झाली असून ती केवळ प्रकल्पांतील पानांसाठी चालते. मराठी विकिपीडियाचा दुवा पत्रातून पाठवायचा असल्यास ती विशेष सोयीची आहे.

एरवी पत्ता स्वतंत्र ओळीवर, मागेपुढे विरामचिन्ह न लावता लिहावा, आणि पाठवण्यापूर्वी ते पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून दुवा उघडून पाहावा. पानाचे शीर्षकही सोबत लिहिल्यास दुवा तुटला तरी वाचक शोधयंत्रातून तेथवर पोहोचतो.